कोळसा, तांबट आळी आणि आठ आठवडे : शाळेतला कलाप्रकल्प कसा आखावा

चित्रकलेची शिक्षिका म्हणून मी केलेला पहिला मोठा प्रकल्प बाटल्यांच्या बुचांचा होता. घानात जन्मलेले आणि नायजेरियात अनेक दशकं काम केलेले शिल्पकार एल अनात्सुई दारूच्या बाटल्यांची धातूची बुचं तांब्याच्या तारेनं जोडून भिंतभर पडदे करतात. त्यांचे फोटो पाहून मी भारावून गेले होते. मुलांनी दोन महिने टपऱ्यांवरून आणि मंगल कार्यालयांच्या मागच्या अंगणातून शीतपेयांची बुचं गोळा केली. पडदा देखणा झाला. प्रदर्शनाच्या दिवशी एका मुलाच्या आजोबांनी त्याला विचारलं, "बुचंच का रे घेतलीत?" मुलगा म्हणाला, "बाईंनी सांगितलं म्हणून."

ते उत्तर मला फार लागलं, कारण ते खरं होतं. अनात्सुईंना हा प्रश्न विचारला तर उत्तर तयार आहे. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी पश्चिम आफ्रिकेत दारू आणली, त्याच व्यापारात माणसं गुलाम म्हणून विकली गेली, आणि म्हणून दारूच्या बाटलीचं बूच हातात घेणं म्हणजे तो इतिहास हातात घेणं. आमच्या बुचांमागे आम्ही काहीच शोधलं नव्हतं. त्यांच्या कामाचं फक्त बाहेरचं रूप आम्ही उचललं होतं.

त्यानंतर मी प्रकल्प वेगळ्या तऱ्हेनं आखायला लागले. ती पद्धत इथे क्रमानं सांगते. पुण्यात नव्यानं चित्रकला शिकवायला लागलेले शिक्षक, एटीडीचे, म्हणजे कला शिक्षक पदविकेचे, सराव पाठ घेणारे विद्यार्थी आणि आठवी-नववीची मुलं डोळ्यांसमोर ठेवून लिहिते आहे. वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं, आठवड्याला दोन तास आणि हाताशी बेताचा पैसा असं धरलं आहे.

आधी कलावंत निवडा

निवडताना मी तीन गोष्टी पाहते. त्या कलावंताच्या सामानाचा जवळचा पर्याय आपल्याला परवडतो का? त्याच्याबद्दलची खात्रीची माहिती मुलांना मराठीत सांगता येईल इतकी मला समजली आहे का? आणि सगळ्यात महत्त्वाचं, त्याचं काम ज्या प्रश्नातून उभं राहिलं तो प्रश्न आमच्या मुलांच्याही घरात आहे का?

तिसऱ्या कसोटीवर बरीच मोठी नावं गळतात. ती मोठी नाहीत असा त्याचा अर्थ नाही, आत्ता या वर्गासाठी ती नकोत एवढंच. पुण्यातल्या मुलांसाठी सुधीर पटवर्धन हे नाव उत्तम आहे. जन्म १९४९चा, पुण्यातलाच. १९७२ साली इथल्या एएफएमसी या लष्करी वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले आणि पुढे ठाण्यात तीस वर्षं क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून काम करत चित्रं काढत राहिले. इराणी हॉटेल, लोकल, रेल्वेचा पूल, लोअर परळ असं शहर त्यांच्या कॅनव्हासवर येतं. ज्या वर्गाला तैलरंग किंवा अ‍ॅक्रिलिक हाताळायची सवय आहे, त्यांनी पटवर्धन घ्यावेत.

या लेखात मी प्रभाकर पाचपुते यांचं उदाहरण धरून पुढे जाते. त्यांचं मुख्य साधन चारकोल, म्हणजे रेखाटनाचा कोळसा, आहे आणि तो आपण स्वतः तयार करू शकतो.

शिक्षकानं करायचा अभ्यास

मुलांसमोर जाण्याआधी कलावंतावर एक पान लिहून काढा, एकच. त्यात पुरस्कारांची यादी नको. माझं पान साधारण असं होतं.

पाचपुते यांचा जन्म १९८६चा, चंद्रपूर जिल्ह्यातल्या सास्ती गावचा. घरातल्या पिढ्या कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्या. शिल्पकलेचं शिक्षण त्यांनी आधी खैरागडच्या विद्यापीठात आणि मग बडोद्यात घेतलं. राहतात आणि काम करतात पुण्यात. हे कळल्यावर मुलं एकदम सरसावून बसतात, कारण 'मोठा चित्रकार' म्हणजे दूरचा किंवा मेलेला असं त्यांच्या मनात असतं. ते चारकोलनं कागदावर काढतात, कॅनव्हासवर काढतात आणि प्रदर्शनाच्या भिंतीवर थेट प्रचंड मोठी चित्रंही काढतात. चारकोलची चित्रं एकामागोमाग एक जोडून ते चलत्‌चित्रही करतात. त्यांच्या चित्रांत पुष्कळदा माणसाच्या डोक्याच्या जागी एखादी वस्तू किंवा अवजार असतं.

२०१२ साली मुंबईत त्यांचं प्रदर्शन झालं, त्याचं नाव होतं 'कॅनरी इन अ कोलमाइन'. पूर्वी खाणीत उतरताना कामगार पिंजऱ्यात कॅनरी पक्षी घेऊन जात. कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू माणसाच्या आधी त्या इवल्या पक्ष्याला बाधतो, म्हणून पक्षी कोसळला की माणसं बाहेर पळत. ही एक गोष्ट वर्गात सांगितली की पुढचा तास कसा जातो कळत नाही. २०२१ साली वेल्समधल्या कार्डिफ इथला आर्टेस मुंडी हा पुरस्कार अंतिम फेरीतल्या सहाही कलावंतांना विभागून मिळाला. त्यांत पाचपुते होते. वेल्स हाही कोळशाच्या खाणींचा मुलूख, आणि तिथल्या खाणकामगारांच्या इतिहासाशी त्यांनी आपल्याकडचा धागा जोडला.

पानाच्या तळाशी एक प्रश्न लिहायचा. माझा होता : काम माणसाच्या शरीरावर काय खुणा सोडतं? सगळा प्रकल्प या एका ओळीवर उभा राहतो. ती लिहिण्यात दोन संध्याकाळी गेल्या तरी चालतील. मला त्याहून जास्त लागल्या होत्या.

एक बाब इथेच सांगते. चित्रकार आपल्या शहरात राहतात म्हणून त्यांचा पत्ता शोधत मुलांना घेऊन जाऊ नका. काही विचारायचंच असेल तर त्यांच्या गॅलरीमार्फत एक नेमकं पत्र पाठवा आणि उत्तर आलं नाही तरी प्रकल्प अडणार नाही अशी आखणी ठेवा.

आठ आठवडे कुठे बसवायचे

दिवाळीच्या सुट्टीनंतर. पहिल्या सत्रात पालखी, गणपती, घटक चाचण्या, एलिमेंटरी-इंटरमीजिएटची तयारी यात सलग वेळ मिळत नाही. शिवाय पावसाळ्यात कागद दमट होतो, चारकोल त्यावर नीट बसत नाही आणि मोठे कागद फुगून वाकडे होतात. नोव्हेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत पुण्याची हवा कोरडी असते. स्नेहसंमेलनाचा आठवडा आधीच सोडून द्या, त्या दिवसांत मुलं तुमची नसतात.

मुख्याध्यापकांकडे अर्ज करताना एकच मागणी धरून बसा : आठवड्यातले दोन तास सलग, म्हणजे जोडतास. पस्तीस मिनिटांच्या तासात कागद वाटून, हात काळे करून, धुऊन पुन्हा जागेवर बसेपर्यंत घंटा होते.

पहिला जोडतास : फक्त पाहणं

प्रोजेक्टर असेल तर त्यावर, नसेल तर मोठ्या छापील प्रतींवर चार चित्रं दाखवा. वर्गात शिकवण्यासाठी चित्राची प्रत वापरायला १९५७च्या कॉपीराइट कायद्यात सवलत आहे. तीच प्रत स्मरणिकेच्या मुखपृष्ठावर किंवा विकायच्या वस्तूवर छापायची असेल तर परवानगी लागते. हा फरक मुलांनाही सांगा. त्यांची चित्रंही उद्या कुणीतरी न विचारता वापरेल.

चित्रकाराचं नाव पहिली दहा मिनिटं सांगू नका. "काय दिसतं?" एवढंच विचारा. "काय वाटतं?" हा प्रश्न लवकर विचारला की मुलं 'दुःख', 'गरिबी', 'संदेश' असे निबंधातले शब्द देतात. दिसणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात केली की ती बारीक बघायला लागतात. पाय किती जड काढलेत, जमीन कुठे संपते, काळं कुठे गडद आणि कुठे पुसलेलं आहे. फळ्यावर सगळं लिहून घ्या. मग तुमचं ते एक पान वाचून दाखवा.

दुसऱ्या अर्ध्यात त्यांना हवं तेच करू द्या. डोक्याच्या जागी अवजार असलेला माणूस पेन्सिलीनं काढू द्या. ती अगदी खुशीत काढतात. तास संपताना जाहीर करा की ही कल्पना पाचपुत्यांची आहे, आपण आज ती वापरून पाहिली, आणि यापुढे आपल्या चित्रात ती वापरायची नाही. हे कडक वाटेल. पण न सांगितल्यास दोन महिन्यांनी चाळीस चित्रांत चाळीस हातोडीमुखी माणसं उभी राहतील आणि प्रत्येकाचं चित्र दुसऱ्याच्या चित्रासारखं होईल.

घरातून सुरुवात

आता तो प्रश्न घरी न्यायचा. पाचपुत्यांच्या घरात खाण होती, तुमच्या घरात कोणतं काम आहे? आजोबा टेल्कोत किंवा खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, आई साड्यांना फॉल-पिको करते, बाबा रिक्षा चालवतात, मावशी पोळी-भाजी केंद्रात दिवसाला तीनशे पोळ्या लाटते, काका दिवसभर संगणकासमोर बसतात आणि त्यांची मान दुखते. यातलं प्रत्येक काम शरीरावर काहीतरी ठेवून जातं.

मुलांना द्यायचं काम छोटं ठेवा :

घरातल्या एका माणसाशी वीस मिनिटं बोला. या कामात सगळ्यात आधी काय थकतं, हे विचारा. त्यांच्या हातांची तीन रेखाटनं करा : काम करताना, थांबलेले असताना आणि झोपेत. त्यांचं एक अवजार परवानगीनं एका दिवसासाठी शाळेत आणा.

'काय थकतं' हा प्रश्न साधा आहे, पण त्याला लोक मनापासून उत्तर देतात. एका मुलीच्या आईनं सांगितलं की शिलाई मशीनवर तिचे पाय थकत नाहीत, डावा अंगठा थकतो, कारण कापड तोच सरकवतो. त्या मुलीनं पुढचे सहा आठवडे फक्त अंगठे काढले.

इथे एक काळजी घ्यावीच लागते. काही मुलांना घरच्या कामाची लाज वाटते, काहींच्या घरी काम सुटलेलं असतं, काहींचं घर बोलण्यासारखं नसतं. म्हणून पर्याय पहिल्याच दिवशी आणि सगळ्यांसमोर द्या : घरातलं कुणी किंवा रोज दिसणारं कुणी. शाळेतल्या मावशी, कोपऱ्यावरचे इस्त्रीवाले काका, सकाळी घंटागाडीबरोबर येणाऱ्या ताई. पर्याय निवडणाऱ्याला कारण विचारू नका.

तांबट आळीत जाताना

घरातलं काम पाहून झालं की शहरातलं. खरं तर पुण्यात जागांची वाण नाही. बुरूड आळीत बांबूच्या टोपल्या आणि सुपं होतात, कुंभारवाडा आहे, मंडई आहे, मार्केट यार्डातले हमाल आहेत. मी कसब्यातली तांबट आळी निवडते, कारण तिथे काम दिसायच्या आधी ऐकू येतं. तांब्याच्या भांड्यावर गुळगुळीत हातोडीनं एकाशेजारी एक ठोके मारत जायचे, त्याला मठारकाम म्हणतात. त्या ठोक्यांनी पत्रा घट्ट होतो आणि पृष्ठभागावर ते चकाकणारे ठसे उमटतात. नीट पाहिलं तर प्रत्येक भांड्यावर कारागिराच्या हाताची लय उमटलेली असते.

भेटीची तयारी अशी करा. एक शिक्षक आठवडाभर आधी एकटा जाऊन बोलून यावा आणि त्यांना सोयीची वेळ कोणती ते विचारावं. सणासुदीच्या आणि लग्नसराईच्या गर्दीत जाऊ नये. पालकांची संमतीपत्रं घ्या. मुलांचे पाच-सहा जणांचे गट करा आणि गटागणिक एक मोठं माणूस ठेवा. चाळीस मुलं एका दारात उभी राहिली तर कारागिराचा अर्धा दिवस बुडतो आणि त्याचा उजेडही अडतो. फोटो विचारूनच काढायचे. पंधरा मिनिटं वही न उघडता फक्त ऐकायचं, पाहायचं. त्यानंतर मुलं वहीत रेखाटनं करतील, पण माणसाच्या चेहऱ्यापासून सुरुवात करायची नाही. आधी हातोडीचा आवाज काढा म्हणावं. ठक-ठक-ठक या लयीवर कागदावर ठिपके, फटकारे, रेघा. ही कल्पना सुरुवातीला कुणालाच कळत नाही आणि पाच मिनिटांत सगळ्यांना कळते. पुढे मोठ्या चित्रात पोत म्हणून हेच फटकारे कामाला येतात.

वेळ उरला तर शुक्रवार पेठेतलं राजा दिनकर केळकर संग्रहालय त्याच दिवशी होऊ शकतं. अडकित्ते, दिवे, कुलुपं, स्वयंपाकघरातली भांडी अशा रोजच्या वापरातल्या वस्तू तिथे इतक्या मानानं मांडल्या आहेत की घरच्या अवजाराकडे पाहायची मुलांची नजर बदलते. शाळेचं पत्र घेऊन जा.

कोळसा तयार करणं

हा माझा सगळ्यात आवडता टप्पा आहे आणि मी त्याला पूर्ण आठवडा देते.

आधी एक गोंधळ दूर करा. चंद्रपूरच्या खाणीत निघतो तो दगडी कोळसा, साधारण पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वी गाडल्या गेलेल्या वनस्पतींपासून झालेला. आपण चित्राला वापरतो तो लाकडी कोळसा, लाकूड हवेशिवाय तापवून केलेला. आणि पुण्यात कोळशाची खाण का नाही? कारण आपण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाच्या थरांवर, काळ्या बेसाल्टवर उभे आहोत. भूगोलाच्या सरांना या तासाला बोलवा, विज्ञानाच्या बाईंनाही. ज्वलन हा त्यांचा धडा आहे.

लाकूड कुठून आणायचं? जगभर चित्रकार द्राक्षवेलीच्या काड्यांचा कोळसा वापरतात. आपल्याकडे नारायणगाव-जुन्नर भागात ऑक्टोबर छाटणीनंतर या काड्यांचे ढीग पडलेले असतात. वर्गातल्या कुणाचं तरी गाव तिकडचं असतंच, दिवाळीहून येताना एक जुडी आणायला सांगा. चिंचेच्या काड्याही उत्तम. कापडावर चित्रं काढायच्या कलमकारीत पहिलं रेखाटन जळक्या चिंचेच्या काडीनं करायची परंपरा आहे. बुरूड आळीतले बांबूचे उरलेले तुकडे मागितले तर मिळतात. त्यांचा कोळसा जरा कडक होतो, पण बारीक रेघेला चांगला. आणि मग "कोळसा का?" असं कुणी विचारलं तर मुलाकडे सांगायला काहीतरी असतं.

काड्या कडकडीत वाळवा, साल काढा, बोटाएवढ्या जाडीच्या आणि डब्यात मावतील एवढ्या लांबीच्या तोडा. घट्ट झाकणाचा पत्र्याचा डबा घ्या. नवा रंगवलेला डबा असेल तर आधी रिकामाच एकदा जाळून त्याचा रंग उडवा. झाकणाला खिळ्यानं एक छोटं भोक पाडा. भोक नसेल तर आतल्या वायूनं झाकण उडू शकतं, म्हणून हे विसरू नका. काड्या उभ्या ठासून भरा, झाकण तारेनं बांधा आणि डबा मोकळ्या मैदानात लाकडांच्या आगीत ठेवा.

आधी भोकातून पांढरी वाफ येते, मग दाट धूर. काड्यांच्या जाडीप्रमाणे पाऊण ते एक तास लागतो. धूर जवळजवळ थांबला की चिमट्यानं डबा बाहेर काढायचा, भोक ओल्या मातीनं बुजवायचं आणि रात्रभर हात लावायचा नाही. गरम असताना उघडला तर हवा लागून आतला कोळसा धुमसायला लागतो आणि डोळ्यांदेखत राख होते. आग आणि डबा या दोन्हींचं काम शिक्षकानंच करायचं. मुलं चांगली लांब उभी राहतील, पाण्याची बादली आणि वाळू जवळ असेल.

सकाळी डबा उघडताना वर्ग जमवा. चांगला झालेला कोळसा टेबलावर टाकला की किणकिणतो. तपकिरी राहिला असेल तर कच्चा आहे, कागद खरवडतो. हातात घेताच भुगा झाला तर जास्त भाजला. तो भुगाही टाकू नका, कापडाच्या पुरचुंडीत बांधून कागदावर छाया पसरायला वापरा.

कागद आणि बाकीचं सामान

प्रत्येक मुलामागे पाच कागद धरा, तीन चुकायला आणि दोन नीट कामाला. चुकायच्या कागदांना साधा कार्ट्रिज किंवा ब्राउन पेपर चालतो. नीट कामासाठी थोडा खरबरीत कागद हवा, कारण चारकोल कागदाच्या बारीक खाचांत अडकूनच टिकतो. गुळगुळीत कागदावरून तो घसरतो. शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, १९४० पासूनची. तिथे कागद कसा होतो हेही कळतं. बाकी सामान अप्पा बळवंत चौकात एका फेरीत मिळतं.

खोडरबराऐवजी शिळ्या पावाचा मऊ गाभा वापरून पाहा. रबर येण्याआधी युरोपात चित्रकार पावानंच पुसत. शाळेत उंदीर नकोत म्हणून वापरलेला पाव त्याच दिवशी बाहेर टाकायचा, एवढं पथ्य पाळा. प्रत्येकानं बाबांचा किंवा दादाचा जुना शर्ट गणवेशावर घालायला आणावा. धूळ फुंकरीनं उडवायची नाही, कागद बाहेर नेऊन हलके झटकायचा. दमा असलेल्या मुलांना खिडकीपाशी बसवा, हवं तर त्यांना चारकोल पेन्सिली द्या.

चित्र उभं करणं

तीन आठवडे झाले, प्रत्येकाकडे वही भरत आली, कोळसा तयार आहे. आता चौथ्या आठवड्याचा जोडतास नुसता खुणांचा. गडद ते फिकट अशा सात पट्ट्या, आडव्या काडीनं रुंद फटकारा, टोकानं रेघ, बोटानं पुसणं, पावानं उजेड काढणं. पाचव्या आठवड्यात तीन छोटे आराखडे, पोस्टकार्डाएवढे. प्रत्येक मुलाशी मिनिटभर बोला आणि एकच प्रश्न विचारा : यातलं कोणतं चित्र तुझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला काढता आलं नसतं? मुलं बरोबर बोट ठेवतात. तुम्हाला दुसरं आवडलं असेल तरी त्यांचं ऐका.

सहावा आणि सातवा आठवडा मोठ्या कागदाचा. शक्य असेल तर मुलांना उभं राहून काढू द्या, कागद भिंतीला चिकटपट्टीनं लावून. बसून काढलं की मनगटातून रेघ येते, उभं राहिलं की खांद्यातून, आणि मठारकाम पाहून आलेल्या मुलाला हा फरक सांगावा लागत नाही. याच वेळी शिक्षकाचा हात सगळ्यात जास्त शिवशिवतो. मुलाच्या कागदावर रेघ मारू नका. दाखवायचंच असेल तर स्वतःच्या वेगळ्या कागदावर दाखवा.

ज्या चार-पाच मुलांना मोठ्या कागदाची धास्ती वाटते त्यांना चलत्‌चित्र द्या. कागद एकच. काढायचं, मोबाइल स्टँडवर ठेवून फोटो घ्यायचा, थोडं पुसून थोडं नवं काढायचं, पुन्हा फोटो. सेकंदाला बारा फोटो धरले तर दहा सेकंदांना एकशे वीस लागतात. पुसलेल्या रेघांची पुसट सावली कागदावर उरते, आणि चालणाऱ्या हाताच्या मागे त्याची आधीची हालचाल दिसत राहते. हे फक्त चारकोलमध्येच इतकं छान होतं.

चित्र पूर्ण झालं की मोकळ्या हवेत, हातभर अंतरावरून फिक्सेटिव्हचे, म्हणजे चारकोल कागदावर पक्का करणाऱ्या फवाऱ्याचे, दोन पातळ हात मारा. एकच जाड हात मारला तर ओघळ येतात. मग वर बटर पेपर लावून आडवं ठेवा, गुंडाळी करू नका.

मांडणी

बालगंधर्वचं कलादालन, घोले रस्त्यावरचं राजा रवी वर्मा कलादालन, शनिवार पेठेतलं सुदर्शन कलादालन अशा जागा पुण्यात आहेत, पण तारखा कित्येक महिने आधी ठरवाव्या लागतात. पहिल्याच प्रकल्पाला शाळेचा व्हरांडा पुरे. चित्राचा मध्य मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीहून थोडा खाली ठेवा, कारण पाहणारी निम्मी गर्दी पाचवी-सहावीची असेल. दोन चित्रांत हातभर जागा सोडा. क्रमांक, बक्षीस, 'उत्कृष्ट'चे बिल्ले लावू नका. मी लावले होते तेव्हा लोकांनी बिल्ले पाहिले, चित्रं पाहिली नाहीत.

चित्राखालची चिठ्ठी मुलानं स्वतः लिहायची, चार ओळींच्या आत : माझं नाव, हे काम कुणाचं, त्यांचं काय थकतं, कोळसा कोणत्या झाडाचा. माणसाचं नाव लिहायला त्याची संमती घ्या, नको असेल तर 'माझी आई', 'आमच्या गल्लीतले काका' एवढं पुरतं. प्रवेशाशी एक फलक लावा : "चित्रकार प्रभाकर पाचपुते यांच्या कामाचा अभ्यास करून केलेला प्रकल्प." ही ओळ गाळू नका. 'प्रेरित' हा शब्द एकटा ठेवला की तो कशापासून, हे कुणी विचारत नाही. शेजारी एका टेबलावर रेखाटन वह्या, फसलेले आराखडे, जळका डबा आणि कच्चे राहिलेले कोळसे मांडा. पालक तिथेच सगळ्यात जास्त वेळ थांबतात.

पहिलं आमंत्रण ज्यांचं चित्र काढलं त्यांना द्या, प्रमुख पाहुण्यांच्याही आधी. तांबट आळीतले कारागीर कामाच्या दिवशी येऊ शकणार नाहीत, म्हणून प्रदर्शन रविवारी सकाळीही उघडं ठेवा. आणि मुलांनी काढलेल्या त्यांच्या चित्रांच्या ए-थ्री आकारातल्या प्रती काढून, मागे मुलाचं नाव, इयत्ता आणि तारीख घालून, त्याच मुलांनी पुढच्या आठवड्यात आळीत नेऊन द्यायच्या. मूळ चित्र मुलाच्या घरी जातं.